स्पिरिट पुरे, आता हिशेब द्या!

गुडघाभर पाणी, ट्रेन बंद, तरी दुसऱ्या दिवशी मुंबईकर ऑफिसात हजर! मग टीव्हीवर नेतेमंडळी सुरू होतात, ‘सलाम मुंबई स्पिरिटला!’ खरं सांगू? हे ऐकलं की माझं डोकंच सटकतं. कारण आपलं कौतुक करून झालं की त्यांना हिशेब द्यावा लागत नाही.

याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे 26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस कोसळला. कुलाब्यात मात्र जेमतेम 73! म्हणजे मंत्रालयाच्या बाजूला नेहमीचा पावसाळा आणि उपनगरांत हाहाकार. राज्यभरात हजारावर बळी गेले. एवढा पाऊस कुठलंच शहर झेलू शकत नाही, मान्य. पण माहिती तरी द्याल? दोन दिवसांनी नेहरूनगरमध्ये नुसत्या अफवेने चेंगराचेंगरी झाली आणि माणसं मेली. विश्वास ठेवावा असा एकही आवाज तेव्हा लोकांपर्यंत पोहोचत नव्हता.

तू तू मैं मैं

पालिकेत शिवसेना-भाजप, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी. मग काय, ब्लेम गेम सुरू! शेवटी सगळ्यांना एक सोयीचा गुन्हेगार सापडला, प्लास्टिकची पिशवी. तिच्यावर बंदी आली. पण गटारं ताशी 25 मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती आणि ती सुधारण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 पासून पालिकेच्या हातात होता. 12 वर्षं तो बहुतांशी कागदावरच राहिला, त्याचं काय? नंतर माधव चितळे समितीने सगळ्या त्रुटी मांडल्या. त्यामुळे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही.

तरीही ब्रिमस्टोवॅडमधल्या आठ पंपिंग स्टेशनांपैकी मोगरा आणि माहुल 2025 मध्ये, म्हणजे 20 वर्षांनीही पूर्ण नव्हती. मिठी नदीसाठी 2005 मध्येच प्राधिकरण स्थापन झालं, पण नदीचा काही भाग पालिकेकडे आणि काही एमएमआरडीएकडे. मे 2025 मध्ये तर मिठीतला गाळ काढण्याच्या कामात 65 कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून पोलिसांत गुन्हा दाखल झाला. गाळ नेमका कुठे साचलाय, कळलं ना?

बॉस कोण?

ऑफिसात प्रोजेक्ट बुडाला तर कुणाला झापायचं हे आपल्याला ठाऊक असतं. मुंबईत तीच गोची आहे. महापौर आपण निवडलेल्या नगरसेवकांमधून येतो, पण त्याचं पद बरंचसं मानाचं. खरे अधिकार आयुक्तांकडे आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. म्हणजे ज्याला आपण घरी बसवू शकतो त्याच्या हातात फारसं काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याला आपलं मत लागत नाही! त्यात मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. तेवढा काळ तक्रार न्यायला नगरसेवकही नव्हता.

आता थोडं आपल्याबद्दल. प्रलयानंतरच्या पहिल्याच पालिका निवडणुकीत, 2007 मध्ये, निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिलं. पालिकेत तेच परत आले आणि 2009 मध्ये राज्यातही तेच. एवढी माणसं गेली, पण खुर्ची कुणाचीच गेली नाही. मग नेत्यांनी धडा घ्यायचा तरी कशाला?

म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी एक काम करा. आपल्या वॉर्डातल्या नाल्याचा गाळ किती काढला, तो कुठे टाकला आणि त्याचं किती बिल लागलं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाची फी फक्त 10 रुपये, एका कटिंग चहाच्या आसपास. उत्तर आलं की ते सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि मत मागायला येणाऱ्याच्या हातात ठेवा. स्पिरिट दाखवायचंच असेल तर तिथे दाखवू!