खो मिळताच हाडं कामाला लागतात

उमरखेडच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर खो-खो मांडायला काय लागतं? दोन खांब, चुन्याची फक्की आणि मुलं. आठ जणी पाटीवर उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलागावर निघते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागेही फिरता येत नाही. पळणारी पलीकडे निसटली की एकच उपाय उरतो, बसलेल्या मैत्रिणीला पाठीमागून ‘खो’ द्यायचा. इतक्या साध्या नियमांचा हा खेळ शरीरात काय काय घडवून आणतो ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

‘खो’ कानावर पडताच मुलगी उकिडव्या स्थितीतून उसळते. मांडीचे, पोटरीचे स्नायू सगळी ताकद एका झटक्यात लावतात. काम करणाऱ्या स्नायूची एक करामत अशी, की तो इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेऊ शकतो. मधुमेहाला दूर ठेवण्याचं एक साधन त्या पळण्यातच आहे.

खरी नवलाई मात्र हाडांत आहे. हाड म्हणजे निर्जीव दांडा नव्हे. त्याच्या आत जिवंत पेशींचं जाळं असतं. पाय जोरात टेकला की हाड अगदी किंचित वाकतं, आतल्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव हलतो, पेशींना ते कळतं आणि त्या जागी नवं हाड घालण्याचा निरोप जातो. एकाच तालातल्या हालचालीला या पेशी लवकर सरावतात. झटका, वळण, थोडी विश्रांती, पुन्हा झटका असा क्रम त्यांना जास्त जागं करतो. खो-खोत नेमका हाच क्रम असतो.

हाडांच्या या भरणीला वयाची मुदत आहे. मोठेपणी अंगात जेवढं हाड असतं, त्याचा सुमारे चौथा हिस्सा वाढीच्या ऐन भरातल्या दोन वर्षांत तयार होतो. मुलींमध्ये ही वर्षं साडेबाराच्या आसपास येतात, मुलांमध्ये चौदाच्या. म्हणजे सातवी, आठवी, नववी. आणि नेमक्या याच इयत्तांत पीटीचा तास गणिताच्या राहिलेल्या पोर्शनला जातो, मुली हळूहळू मैदानातून कमी होतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलांना ती मिळत नव्हती.

खरं तर मैदानी खेळांची ही विद्या आपल्या घरचीच. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम ठरले. त्याच वर्षी वैद्य बंधूंनी अमरावतीत सुरू केलेल्या कार्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारताने जिंकली आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.

पैनगंगेच्या काठच्या उमरखेड तालुक्यातल्या शाळांना या खेळासाठी महागडी व्यायामशाळा नको. विदर्भाचं ऊन लक्षात घेऊन सकाळचा तास ठेवावा, पाण्याची सोय करावी, आणि संघात निवडलेल्या मुलींनाच नव्हे, तर वर्गातल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला पळायला मिळावं. गणिताचा राहिलेला धडा पुढच्या आठवड्यात घेता येतो. हाडं भरण्याची ती दोन वर्षं पुन्हा येत नाहीत. म्हणून मुख्याध्यापकांना आणि पालकांना एकच विनंती: पीटीच्या तासाला हात लावू नका.