ढाबा, परवाना आणि परतीची वाट

महाराष्ट्रात मद्यपान हा नागरिकाचा हक्क नसून सरकारने परवान्याच्या रूपाने दिलेली सवलत आहे, ही गोष्ट 'परमिट रूम'च्या पाटीखालून रोज आत शिरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. मोरारजी देसाईंच्या आग्रहातून १९४९ साली झालेल्या मुंबई दारूबंदी कायद्याचे बंध पुढे साठ-सत्तरच्या दशकांत सैल होत गेले, तरी कायदा मात्र रद्द झाला नाही. आणि आजही विदेशी मद्य बाळगणाऱ्या वा पिणाऱ्या इसमाजवळ परवाना असावा, किंबहुना तो आपले आरोग्य राखण्यासाठीच पीत आहे असे त्या परवान्याने गृहीत धरावे, ही व्यवस्था दप्तरी कायम आहे. दारूबंदीच्या काळात मुंबईचा मद्यपी गल्लीतल्या 'आंटी'च्या अड्ड्यावर चोरून जात असे, पण एवढे खरे की तो बहुधा पायी जाई आणि झोकांड्या खात का होईना, पायीच परते.

कायद्याने पिणे थांबले नाही. मात्र पिण्याची जागा घराबाहेर ठरली, आणि त्या कामी कायद्याला घरातल्या सोवळ्याने मोठी साथ दिली. ज्या घरात आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि जिथे मटणाचे भांडेही चुलीपासून दूर ठेवले जाते, तिथे बाटली उघडण्याची प्राज्ञा कोणाची? म्हणून मग 'आज बसायचं का?' या प्रश्नाचे उत्तर गावाबाहेरच्या ढाब्यावर, हमरस्त्याच्या कडेला, चकण्याच्या बशीभोवती मिळते. गावातल्या स्त्रियांनी मतदान करून 'आडवी बाटली' निवडली आणि निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांच्या कौलाने दुकान बंद पाडले, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला एक उज्ज्वल अध्याय आहे, यात शंका नाही. परंतु गिऱ्हाईक त्यानंतर पुष्कळदा सात-आठ किलोमीटरवरच्या फाट्यावर जाऊ लागते, आणि रात्री शेवटची एस.टी. गेल्यावर त्याच्या परतीला मोटारसायकलीवाचून दुसरे साधन उरत नाही. मद्यपान आणि वाहन यांची गाठ आपल्याकडे चैनीने नव्हे, तर लज्जेने बांधली आहे, असे मला वाटते.

या प्रवाशाच्या रक्तात काय चालले असते, हे समजून घेण्यासारखे आहे. तीस मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते, आणि साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे अंदाजे २५ मिलिग्रॅमपर्यंत चढते. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे दुसऱ्या पेगालाच ती ओलांडली जाते. क्वार्टर संपवणाऱ्याची तर गोष्टच सोडा. मद्याचा पहिला आघात हातापायांवर नव्हे तर विवेकावर होत असल्यामुळे, 'मला काही झालेले नाही' हा पिणाऱ्याचा निर्वाळा खोटा नसतो. तो प्रामाणिक असतो, आणि म्हणूनच घातक ठरतो. लिंबू, ताक, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी या सर्व उपायांनी माणूस फार तर जागा होतो. यकृत मात्र आपल्या संथ गतीने, तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास, हिशेब चुकता करीत राहते. मध्यरात्री १५० मिलिग्रॅमवर असलेला ट्रकचालक पहाटे सहाला तोंड धुऊन गाडीवर बसतो, तेव्हाही तो कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीवर असतो.

सरकारी आकड्यांत हे सारे फार लहान दिसते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली मद्य वा अमली पदार्थांच्या खात्यावर जमा झालेली संख्या दोन-तीन टक्क्यांच्या घरातली आहे. या आकड्यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते. बहुतेक नोंदी 'अतिवेग' या एकाच सदरात जातात, आणि अतिवेग कशामुळे झाला हे विचारण्याची जरुरी दप्तराला भासत नाही. रक्ताचा नमुना वेळेत घेतला गेला नाही तर पुरावा शरीरातूनच निघून जातो. आणि विम्याची रक्कम अडकेल या धास्तीने आप्तेष्टही दारूचा शब्द पंचनाम्यात येऊ देत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको असा हुकूम दिला, तेव्हा रोगाच्या मुळावर प्रथमच कोणी बोट ठेवले होते. पुढे वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आले, काही ठिकाणी महामार्गांचा दर्जाच बदलून ते स्थानिक रस्ते ठरवण्यात आले, आणि २०१७ च्या जुलैत नगरपालिका हद्दींना मोकळीक मिळाली. केरळातल्या एका बारमालकाने तर दारापर्यंतचे अंतर वाढावे म्हणून आवारात चक्रव्यूहासारखी वळणावळणाची वाट बांधली! ही बुद्धी राष्ट्रकार्यास लागती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

शिक्षेच्या बाबतीत आपला राग एकट्या चालकावर केंद्रित होतो. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडले गेले; त्या खटल्यात तीन वर्षांच्या कारावासावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास २०१२ उजाडले. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन चालकाच्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. जामिनाच्या अटींत घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाने देशभर संताप उसळला, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मद्य देणाऱ्यांवरही त्या वेळी कारवाई झाली, पण ती गिऱ्हाईक अल्पवयीन निघाले म्हणून; ते वयाने प्रौढ असते, तर पेला भरणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

जपानचा मार्ग येथे निराळा दिसतो. तिथेही कचेरी सुटल्यावर सहकाऱ्यांसमवेत पिणे हा जवळजवळ शिष्टाचाराचाच भाग. परंतु २००६ साली फुकुओका येथे एका मद्यधुंद चालकाने पुलावर धडक दिल्याने मोटार समुद्रात पडून तीन भावंडे दगावली, आणि दुसऱ्या वर्षी तिथल्या कायद्याने चालकाबरोबरच त्याला मद्य देणारा, वाहन देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसणारा, या तिघांनाही गुन्हेगार ठरवले. आपल्याकडे आषाढ संपताना गटारीच्या रात्री 'अरे, एकच घे, मी सांगतो ना' म्हणून पेला पुढे सरकवणारा, आणि नंतर 'सावकाश जा रे' असे म्हणून किल्ली हातात देणारा, मित्रत्वाच्याच पदवीस पोहोचतो. पिण्याचा आग्रह करणे हा पाहुणचार, आणि किल्ली काढून घेणे हा मात्र अपमान, असा आपल्या बैठकीचा अलिखित दंडक आहे. जपानी कायदा या दंडकालाच हात घालतो.

तसा कायदा येथे कोणी आणू म्हटले तर प्रथम सरकारलाच अवघड वाटेल, कारण राज्याच्या तिजोरीत उत्पादन शुल्काचा वाटा मोठा आहे. ३१ डिसेंबरला गृहखाते परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडी ठेवण्यास मुभा देते, आणि त्याच गृहखात्याचे वाहतूक पोलीस त्याच रात्री श्वासतपासणीचे यंत्र घेऊन चौकाचौकांत उभे असतात. ही नाकाबंदी शहरांत होते. फाट्यावरच्या ढाब्यासमोर ती क्वचितच दिसते.