धर्माचरण सोडणारी अपत्ये आणि ऑर्थोडॉक्स ज्यू पालक : दुःख, धर्मशास्त्र आणि सामंजस्य

सारांश

ऑर्थोडॉक्स ज्यू समाजात धर्म हा दिनचर्येचा विषय आहे. त्यामुळे मुलाने वा मुलीने धर्माचरण सोडल्यास त्याचा आघात घराच्या स्वयंपाकघरापासून भावंडांच्या विवाहापर्यंत जाणवतो. या आघाताचे स्वरूप, त्याकडे पाहण्याचे ज्यू परंपरेतील दोन दृष्टिकोन आणि पालक प्रत्यक्ष व्यवहारात काढत असलेले मार्ग यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : ऑर्थोडॉक्स ज्यू, हलाखा, शब्बाथ, पालकत्व, अनिश्चित वियोग.

प्रस्तावना

महाराष्ट्राला ज्यू धर्माचा परिचय प्रामुख्याने कोकणातील बेने इस्रायली समाजामुळे झाला. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. त्यांचे धर्मतत्त्व शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते. बंद घाणा मात्र सर्वांना दिसत होता. आचरण हीच ज्यू माणसाची ओळख कशी ठरते, याचे हे आपल्या परिसरातील बोलके उदाहरण होय.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अमेरिका व इस्रायल येथील ऑर्थोडॉक्स समाजाशी निगडित आहे. जेथे आचरण हीच ओळख आहे, तेथे घरातील एखादे मूल ते आचरण सोडून देते, तेव्हा आईवडिलांवर काय गुदरते आणि ते त्यातून कसे सावरतात, याचा शोध येथे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. धर्माचरण सोडणे : संकल्पना

ज्यू धर्मशास्त्राला ‘हलाखा’ म्हणतात. या शब्दाचा संबंध ‘चालणे’ या अर्थाच्या धातूशी आहे. परंपरेनुसार तोरामध्ये ६१३ आज्ञा आहेत. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सुरू होऊन शनिवारी रात्री संपणारा शब्बाथ, कोशेर आहाराचे नियम, प्रार्थना, वेशभूषा आणि वैवाहिक शुद्धतेचे नियम या सर्वांतून दिवसाचा जवळजवळ प्रत्येक प्रहर बांधलेला असतो. म्हणून ‘मी आता पाळत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाचा निर्णय केवळ त्याच्या मनापुरता राहत नाही. तो ताटात, कपड्यात आणि शुक्रवारच्या संध्याकाळी दिव्याच्या बटणावर पडलेल्या बोटात दिसतो.

या घटनेला समाजाने दिलेली नावेही लक्षणीय आहेत. अमेरिकेत ‘ऑफ द डेरेख’, म्हणजे ‘वाटेवरून उतरलेला’, असा शब्दप्रयोग रूढ आहे. हिब्रू भाषेतील ‘तशुवा’ या शब्दाला परतणे, पश्चात्ताप आणि उत्तर असे अर्थ आहेत. धर्माकडे वळणाऱ्याला ‘तशुवेकडे परतलेला’ म्हणतात. त्यावर श्लेष साधून धर्माचरण सोडणाऱ्याला इस्रायलमध्ये ‘शएलाकडे’, म्हणजे प्रश्नाकडे, परतलेला म्हटले जाते. पहिल्या शब्दप्रयोगात दोष गृहीत धरलेला आहे. दुसऱ्यात जिज्ञासेला जागा आहे. पालक आपल्या मुलासाठी कोणता शब्द वापरतात, यावरून त्यांच्या भूमिकेची कल्पना येऊ शकते.

२. बदललेली सामाजिक पार्श्वभूमी

ही समस्या नवी नाही. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत आले. तेथील कारखान्यांत शनिवारी काम करणे अनेकांना भाग पडले आणि एका पिढीत मोठ्या प्रमाणावर आचरण सुटले. त्या काळच्या पालकांना दुःख होते, परंतु शेजारच्या घरातही तीच स्थिती होती.

आज चित्र निराळे आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१३ मधील अहवालानुसार ऑर्थोडॉक्स घरात वाढलेल्या अमेरिकन ज्यूंपैकी ४८ टक्के लोक प्रौढपणी ऑर्थोडॉक्स राहिले होते. ६५ वर्षांवरील वयोगटात हे प्रमाण २२ टक्के, तर १८ ते २९ या वयोगटात ८३ टक्के होते. २०२० मध्ये केलेल्या पाहणीत एकूण प्रमाण ६७ टक्के आढळले. या आकडेवारीतून वरकरणी समाज अधिक स्थिर झाल्याचे दिसते. परंतु तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. बहुतेकांची मुले टिकून राहतात तेथे ज्याचे मूल जाते तो पालक अधिक एकटा पडतो.

३. पालकांच्या दुःखाचे स्वरूप

या दुःखाचे स्थूलमानाने चार पदर सांगता येतील.

(अ) अपराधभाव : ‘आमच्या संगोपनात काय उणे राहिले?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. वस्तुतः धर्मशास्त्राने या बाबतीत पालकांना मर्यादा घालून दिली आहे. मुलाला धर्मशिक्षण देणे हे कर्तव्य आहे. परंतु वयाच्या १३ व्या वर्षी बार मित्झ्वा होताना वडील एक लहानसे वचन उच्चारतात. त्याचा आशय असा की, या मुलाच्या कृत्यांच्या दायित्वातून मी आता मुक्त झालो. शास्त्राने दिलेली ही मुक्ती पालकांच्या मनापर्यंत मात्र क्वचितच पोहोचते.

(आ) सामाजिक भय : हरेदी, म्हणजे अतिपरंपरानिष्ठ, समाजात विवाह ‘शिद्दुख’ पद्धतीने, मध्यस्थामार्फत जुळतात आणि त्यात संपूर्ण कुटुंबाची चौकशी होते. एका मुलाने टोपी उतरवली की धाकट्या बहिणीच्या स्थळावर परिणाम होतो. आईवडिलांना एका अपत्याचे प्रेम आणि दुसऱ्या अपत्याचे भवितव्य यांत निवड करण्याची पाळी येते. या दडपणामुळे काही जण बाहेरून सर्व नियम पाळत आतून अविश्वासी राहतात. अशा दुहेरी आयुष्याचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ अयाला फेडर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे.

(इ) इतिहासाचे ओझे : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. त्यातून वाचलेल्यांनी आपली घरे आणि पाठशाळा नव्याने उभ्या केल्या. त्यांच्या वंशजांना मुलाचे जाणे हे साखळीतील कडी तुटण्यासारखे वाटते. मृत्यूनंतर अपत्याने अकरा महिने ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणावी, अशी रीत आहे. यिद्दिश भाषेत मुलालाच लाडाने ‘माझा कद्दिश’ म्हणत. ‘माझ्यामागे कद्दिश कोण म्हणणार?’ हा प्रश्न वृद्ध पालकाला व्याकूळ करतो.

(ई) अनिश्चित वियोग : अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९९९ च्या ग्रंथात ‘अनिश्चित वियोग’ ही संकल्पना विशद केली. व्यक्ती समोर आहे आणि तरीही हरवलेली आहे, अशा स्थितीत शोकाला शेवट नसतो. बॉस यांचे विवेचन याहून व्यापक आहे. परंतु येथे ते नेमके लागू पडते. मूल जेवणाच्या मेजावर बसलेले आहे आणि पालकांनी त्याच्यासाठी रंगवलेले आयुष्य मात्र नाहीसे झाले आहे.

४. परंपरेतील दोन प्रवाह

पहिला प्रवाह तोडण्याचा आहे. २७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने २३ वर्षांच्या बारूख स्पिनोझाला बहिष्कृत केले, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. धर्मांतर किंवा धर्माबाहेर विवाह करणाऱ्या अपत्यासाठी ते मृत झाल्याप्रमाणे सात दिवसांचे सुतक, म्हणजे ‘शिव्हा’, पाळण्याची रूढीही काही घराण्यांत होती. शोलेम अलेखेम यांच्या १८९४ ते १९१४ या काळातील कथांचा नायक तेव्ये आपल्या ख्रिस्ती तरुणाशी लग्न करणाऱ्या मुलीसाठी असेच सुतक पाळतो. पण अखेरच्या कथांत ती परत येते, तेव्हा बापाने काय करावे हा प्रश्न लेखकाने उघडा ठेवला आहे. धर्मांतर आणि आचरण सोडणे या भिन्न गोष्टी होत. तथापि पहिल्याची छाया दुसऱ्यावर पडत आली आहे.

दुसरा प्रवाह जोडण्याचा असून तो धर्मग्रंथांतच आढळतो. अनुवाद या तोराच्या पाचव्या ग्रंथात बंडखोर पुत्राला देहदंड सांगितला आहे. तालमूदकारांनी त्याला इतक्या अटी घातल्या की तो अंमलात येणेच अशक्य झाले. आई आणि वडील यांचा आवाज, रूप आणि उंची सारखी असली पाहिजे, असेही एक मत तेथे नोंदवले आहे. असा पुत्र कधी झाला नाही आणि होणारही नाही, असे एका मताचे तात्पर्य आहे. पाप केले तरी ज्यू हा ज्यूच राहतो, हे तत्त्वही तालमूदमधीलच.

मैमोनिडीस (११३८–१२०४) यांनी चुकीच्या परंपरेत जन्मलेल्या मुलांना ‘परक्यांच्या कैदेत वाढलेल्या बालका’ची उपमा देऊन त्यांना सौम्य शब्दांनी जवळ आणावे, असे सांगितले. धार्मिक घरातच वाढलेल्या मुलाला ही उपमा सरळ लागू होत नाही, ही अडचण खरी आहे. येथे ‘हझोन इश’ या नावाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहम येशाया कारेलिट्झ (१८७८–१९५३) यांचा युक्तिवाद उपयोगी पडतो. ईश्वरी सत्ता सर्वांना उघड दिसत नाही अशा काळात कठोर दंडाने धर्म सावरत नाही. लोकांना तो केवळ जुलूम वाटतो. म्हणून प्रेमाच्या दोरांनीच माणसे बांधावीत, असा त्याचा आशय आहे. उदारमतवादाशी संबंध नसलेल्या, हरेदी समाजाच्या अग्रणी पंडिताचे हे मत असल्याने परंपरानिष्ठ पालकांच्या लेखी त्याला विशेष वजन आहे.

५. घरातील व्यवहार : शब्बाथचे जेवण

तत्त्वाची खरी परीक्षा शुक्रवारच्या रात्री होते. दूर राहणारा मुलगा जेवायला येणार असेल तर तो मोटार चालवत येईल, आणि शब्बाथला मोटार चालवणे निषिद्ध आहे. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, या आज्ञेनुसार दुसऱ्याला पापाची संधी देणेही दोषास्पद ठरते. रब्बी मोशे फाईनस्टाईन (१८९५–१९८६) यांनी मोटारीने येणाऱ्यास निमंत्रण देण्याबाबत कडक भूमिका घेतली. उलटपक्षी, रब्बी श्लोमो झाल्मन आउअरबाख (१९१०–१९९५) यांच्या मते मुक्कामाची सोय देऊ केली असता निमंत्रण देता येते. दार बंद केल्याने उत्पन्न होणारा द्वेष हाही एक मोठा अडथळाच होय, हा विचार त्यांच्या निर्णयांत दिसतो. परिणामी अनेक घरांत मुलासाठी अंथरूण घातलेले असते. तो रात्री राहील की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे.

वाइनचेही असेच. शब्बाथ उघडपणे मोडणाऱ्याने हाताळलेल्या वाइनला कडक मतानुसार दोष लागतो. तापवलेल्या ‘मेवुशाल’ वाइनला तो लागत नाही. तशी बाटली आणून ठेवली की कोणाचाही अपमान न होता प्रश्न मिटतो. स्वयंपाकघरात कोशेर नियम कायम राहतात. मुलाने बाहेर काय खाल्ले याची चौकशी होत नाही. घराचा नियम आणि मुलाचा विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की दोघांनाही मान राखून राहता येते, हे या व्यवहारांतून स्पष्ट होते.

६. साहाय्याची साधने

आचरण सोडणाऱ्या तरुणांना शिक्षण व निवारा यांसाठी मदत करणारी ‘हिलेल’ ही संस्था इस्रायलमध्ये १९९१ मध्ये, तर ‘फूटस्टेप्स’ ही संस्था न्यूयॉर्कमध्ये २००३ मध्ये स्थापन झाली. फरानक मार्गोलीस यांच्या २००५ मधील ग्रंथात आचरण सोडण्यामागे बौद्धिक शंकांबरोबरच दुखावलेल्या भावना आणि धार्मिक समाजातील कटू अनुभव यांचाही विचार केला आहे. पालकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे; कारण शंकेला युक्तिवादाने उत्तर देता येईल, पण दुखावलेल्या मनापुढे युक्तिवाद निष्फळ ठरतो. तेथे ऐकून घेणे हाच उपाय उरतो.

निष्कर्ष

१. ऑर्थोडॉक्स पालकांचे दुःख श्रद्धा, समाज, इतिहास आणि वात्सल्य यांच्या संघर्षातून निर्माण होते. केवळ हेकटपणा म्हणून त्याकडे पाहणे अन्यायाचे ठरेल.

२. मुलाशी नाते तोडणे ही परंपरेची एकमेव आज्ञा नाही. नाते टिकवण्याचा आधार तालमूदपासून विसाव्या शतकातील रब्बींपर्यंत उपलब्ध आहे.

३. सावरणारे पालक स्वतःचे आचरण शिथिल करतातच असे नाही. आपले दायित्व कोठे संपते हे ओळखणे आणि घराच्या नियमांत मुलाला जागा ठेवणे, या दोन गोष्टी त्यांना साधलेल्या असतात.

समेटाचा अर्थ दुःखाचा शेवट असा नव्हे. मूल धर्माकडे परतावे ही पालकांची इच्छा बहुधा अखेरपर्यंत राहते आणि मुलालाही ती ठाऊक असते. मात्र त्या इच्छेची पूर्तता ही नात्याची अट ठरली नाही, तर दर शुक्रवारी मेजावर त्याचे ताट मांडता येते. शिद्दुखच्या चौकशीची टांगती तलवार डोक्यावर असताना तसे करणे हे मोठ्या धैर्याचे काम आहे, याची नोंद समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवी.