‘करंट’ लावण्याआधी बोला

लकव्याने किंवा दुखापतीने दुबळे झालेले स्नायू विजेच्या सौम्य लहरींनी हलवतात. त्यालाच आपण ‘करंट लावणे’ म्हणतो. आरेतल्या किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरून दवाखान्यात जाणाऱ्या भावाबहिणींनो, हे न लाजता आधी सांगा: पेसमेकर बसवला आहे, दिवस गेले आहेत, फेफरे येते, पायात रक्ताची गुठळी किंवा कुठे कॅन्सर आहे. मधुमेहाने वा कुष्ठरोगाने बधिर झालेली जागा तर आवर्जून दाखवा. तिथे चटका कळत नाही आणि कातडी भाजते. जखमेवर, गळ्यावर, छातीवर पट्ट्या नकोत. करंट शून्यापासून हळूहळू वाढवतात. मुंग्या आल्या तर घाबरू नका. जळजळ झाली तर लगेच थांबवायला सांगा. जास्त सोसल्याने लवकर बरे होत नाही.