बोटीच्या सहलीला जाण्यापूर्वी

हिची समुद्र पाहण्याची फार वर्षांची इच्छा. म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही उभयता मोठ्या बोटीने मुंबईहून गोव्याला गेलो. बोट दहा मजली, पण गर्दी पोळ्याच्या बाजाराची! बंदरावर तीन तास रांग, जेवायलाही रांग. खोली आतल्या बाजूची, खिडकीच नाही. वर जावे तर कठड्याशी जागा मिळेना. हिने समुद्र पाहिला तो लोकांच्या खांद्यांवरून.

मुले हौसेने पाठवीत असतील तर पैसे भरण्यापूर्वी विचारा : खोलीला खिडकी आहे का? कर व बंदराचे शुल्क भाड्यातच धरले आहे का? मुरगावला उतरून किती तास मिळतील? आम्ही यातले काहीच विचारले नव्हते. सुट्टीचे दिवस तर टाळाच.

परतताना ही म्हणाली, "पुढच्या खेपेला एसटीने गणपतीपुळ्याला जाऊ."