लाट उठविणारी होडी : तिचें नीरम, तिचा तळ आणि तिचें रूप

होडी बांधणाऱ्या कारागिराची आजवरची धडपड बहुधा एकाच गोष्टीसाठीं असे. होडी पाण्यांतून सुटसुटीत जावी, तिच्या मागें पाणी फार खवळूं नये. मागें राहिलेली खळबळ म्हणजे वायां गेलेली शक्ति, असा हिशेब असे. परंतु गेल्या कांहीं दशकांत अमेरिकेंतील गोड्या पाण्याच्या तळ्यांवर अशी एक होडी निपजली आहे कीं, जिचें सारें भूषण तिच्या मागच्या लाटेंत आहे. ही लाट जितकी उंच, लांब व नितळ, तितका होडीचा लौकिक मोठा. होडीमागें फळीवर उभें राहावयाचें, तोल सांवरतांच दोरीचा आधार सोडून द्यावयाचा, आणि लाटेच्या उतारावरून घसरत होडीबरोबर चालावयाचें, या खेळाला वेकसर्फिंग म्हणतात. समुद्रकांठच्या लोकांना जी मौज समुद्र फुकट देतो, ती समुद्रापासून शेंकडों मैल दूर राहणाऱ्यांनीं यंत्राकडून मिळवावी, असा हा प्रकार आहे.

या खेळाचें मूळ मिनेसोटा संस्थानांतील पेपिन तळ्यावर सांपडतें. इ. स. १९२२ मध्यें राल्फ सॅम्युएलसन नांवाच्या तरुणानें पायांना लाकडी फळ्या बांधून, होडीच्या मागें दोरीनें ओढला जात, या तळ्याच्या पाण्यावरून धांवून दाखविलें. पुढें या जलक्रीडेसाठीं खास होड्या निघाल्या. फ्लॉरिडांतील करेक्ट क्राफ्ट कंपनीची इ. स. १९६१ मधील 'स्की नॉटिक' ही त्यांपैकीं प्रसिद्ध होय. वेगानें वळणें घेणाऱ्या खेळाडूला लाट आडवी येऊं नये म्हणून अशा होडीचा तळ उथळ व चपटा ठेवीत. वेकसर्फिंगची होडी याच घराण्यांत जन्मली. पण तिनें घराण्याची रीत नेमकी उलटी केली.

लाट कशी उठते हें आधीं पाहिलें पाहिजे. होडी तरंगते तेव्हां ती आपल्या वजनाइतकें पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धान्त शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतो. तीच होडी चालूं लागली म्हणजे बाजूला सारलेलें पाणी तिच्या पाठीमागें पुन्हां एकत्र येतें, आणि त्यांतून लाट उठते. होडी हळू चालली तर लाट लहान राहते. ती फार वेगानें चालली तर तिचा तळ पाण्यावर चढतो, ती पृष्ठभागावरून घसरत जाते, आणि लाट पुन्हां लहान होते. या दोहोंच्या मध्यें एक अवघडलेली अवस्था असते. त्या वेळीं नाळ वर उचललेली असते, पिछाडी पाण्यांत रुतलेली असते, आणि इंजिन होडीला जोरानें पुढें रेटीत असतें. इतर होड्या ही अवस्था शक्य तितक्या लवकर ओलांडतात. वेकसर्फिंगची होडी ताशीं १० ते १२ मैलांच्या वेगानें मुद्दाम तींतच रेंगाळते.

पहिला विचार नीरमाचा. मालावांचून निघालेलें गलबत वाऱ्यानें कलंडूं नये म्हणून दर्यावर्दी लोक त्याच्या तळाशीं दगड किंवा वाळू भरीत. त्या भाराला नीरम म्हणतात. गलबतांत नीरम भरावयाचें तें स्थैर्यासाठीं. या होडींत तें भरतात होडी अधिक बुडावी म्हणून. कारण होडी जितकी बुडेल तितकें अधिक पाणी ती बाजूला सारील. येथें दगडांच्या जागीं तळ्याचेंच पाणी पंपानें टांक्यांत घेतात आणि खेळ संपला म्हणजे परत सोडतात. ३००० पौंड नीरम ही अशा होडींत आज असाधारण गोष्ट राहिलेली नाहीं. म्हणजे सुमारें १३६० लिटर पाणी, किंवा दीडशें पौंड वजनाचीं वीस माणसें होडींत बसविण्यासारखें तें झालें.

दोन होड्यांची तुलना करतांना मात्र केवळ पौंडांचा आंकडा पाहून भागत नाहीं. भार कोठें आहे हें अधिक महत्त्वाचें. पिछाडीस भार टाकला तर लाट उंच व उभी होते. कांहीं भार नाळेकडे ठेवला तर ती लांबते. आणखी असें कीं, पिछाडीस उलट्या पंखासारखा पत्रा पाण्यांत बुडवून होडी खालीं ओढण्याची युक्ति कांहीं कारखान्यांनीं योजिली आहे, आणि त्या ओढीचे पौंड नीरमाच्या आंकड्यांत धरले आहेत कीं नाहींत हें विचारून घ्यावें लागतें. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. अर्धवट भरलेल्या टांकींतलें पाणी होडी कलतांच त्याच बाजूला धांवतें आणि तिला अधिक कलवितें. पूर्वीं लाट एका बाजूला नितळ व्हावी म्हणून सगळा भार त्या बाजूला टाकून होडी तिरपी चालवीत. इ. स. २०१२ मध्यें मालिबू कंपनीनें पिछाडीच्या कडांना उघडझाप करणाऱ्या झडपा बसविल्या. एका बाजूची झडप उघडली म्हणजे पाणी मिळण्यास किंचित् उशीर होतो व दुसऱ्या बाजूची लाट स्वच्छ उमटते. त्यामुळें होडी समतोल ठेवूनहि खेळ करतां येऊं लागला.

दुसरा विचार तळाचा. तळाच्या मध्यरेषेपासून दोन्ही कडांकडे चढत जाणारा उतार जितका तीव्र, तितका तळ खोल. इ. स. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतींत रेमंड हंट यांनीं आंखलेल्या खोल तळाच्या 'मॉपी' नांवाच्या होडीनें खवळलेल्या समुद्रांत विजय मिळविला, तेव्हांपासून या आकाराची कीर्ति पसरली. खोल तळ लाटा कापीत जातो व आंतल्या माणसांना धक्के कमी बसतात. शिवाय तो भारानें सहज खोल बसतो, आणि लाटेला तेंच हवें असतें. पण त्याला इंजिन मोठें लागतें, इंधन अधिक लागतें, आणि उथळ पाण्यांत तो जपून न्यावा लागतो. चपटा तळ हलक्या इंजिनानेंहि चालतो. मात्र त्याच्याकडून मोठी लाट काढावयाची तर नीरम वाढवावें लागतें.

तिसरा विचार रूपाचा. आणि गिऱ्हाईक बहुधा येथूनच आरंभ करतें. चकचकीत रंग, मध्यभागीं धातूची उंच कमान, दोन शिंगांसारखें रुंद केलेलें नाळेचें टोक, हीं या होड्यांचीं आजचीं लक्षणें होत. रुंद नाळेमुळें पुढें बसण्यास ऐसपैस जागा होते. पण त्याच जागेंत अनेक माणसें बसलीं, टांक्या भरलेल्या असल्या, आणि चालकानें एकाएकीं वेग कमी केला, तर नाळ खालीं झुकून होडीनें उठविलेली लाटच तिच्या आंत शिरूं शकते. माणसें व वजन किती घ्यावें हें दाखविणारी पाटी अमेरिकेच्या कायद्यानें २० फुटांहून लहान होड्यांनाच सक्तीची आहे, आणि या होड्या बहुधा त्याहून लांब असतात. तेव्हां टांक्यांतलें पाणी जमेस धरून कारखान्यानें किती माणसें सांगितलीं आहेत, हें रंगाच्या आधीं पाहावें.

नीरम, तळ आणि रूप यांचा मेळ चुकला तर काय होतें याचें उदाहरण स्वीडननें जपून ठेविलें आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजीं 'वासा' ही शेंकडों कोरीव मूर्तींनीं नटलेली युद्धनौका स्टॉकहोमहून पहिल्याच सफरीवर निघाली. सुमारें १३०० मीटर जातांच ती वाऱ्याच्या झोतानें कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आंत शिरलें, व ती बुडाली. तिच्या तळाशीं सुमारें १२० टन दगड होते. पण वरच्या बोजाच्या मानानें ते अपुरे पडले. अधिक दगड भरावे, तर खालच्या खिडक्या पाण्याच्या फार जवळ आल्या असत्या. इ. स. १९६१ मध्यें वर काढलेली ती नौका आजहि तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळते.

वेकसर्फिंगमध्यें खेळाडू पिछाडीच्या अगदीं जवळ असतो. म्हणून ज्या होडीचा पंखा पिछाडीच्या मागें फिरतो ती या खेळाला वर्ज्य. पंखा तळाखालीं, पिछाडीच्या बराच पुढें असला पाहिजे. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायुहि मंद चालणाऱ्या होडीच्या मागें सांचतो, याचें भान ठेवावें लागतें.

परंतु लाटेची किंमत केवळ होडीवालाच भरतो असें नाहीं. तळ्याचा कांठहि ती भरतो. मिनेसोटा विद्यापीठानें इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, साध्या होडीच्या लाटा २०० फुटांवर जितक्या उतरतात, तितक्या उतरण्यास या होडीच्या लाटांना ५०० फुटांहून अधिक अंतर लागतें. कांठाची माती ढासळते, आणि पंख्याच्या झोतानें उथळ तळाचा गाळ ढवळून निघतो. इ. स. २०२४ मध्यें व्हरमाँट संस्थानानें नियम केला कीं, कांठापासून ५०० फूट दूर, किमान २० फूट खोल आणि सलग ५० एकर असें पाणी असेल तेथेंच हा खेळ व्हावा. नीरमाच्या पाण्यांतून आणखी एक संकट प्रवास करतें. काळ्या व कास्पियन समुद्रांकडील झेब्रा शिंपले जहाजांच्या नीरमाबरोबर अमेरिकेंत आले व इ. स. १९८८ मध्यें सेंट क्लेअर तळ्यांत आढळले. त्यांचीं पिलें डोळ्यांना दिसत नाहींत, आणि होडीच्या टांक्या पुरत्या कोरड्या होत नाहींत. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाणाऱ्या होडीनें त्या स्वच्छ केल्या नाहींत, तर खेळाबरोबर हा उपद्रवहि पसरतो.

यावरून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. होडी घेणाऱ्यानें प्रथम आपलें तळें मोजावें : त्याची रुंदी किती, खोली किती, कांठ किती दूर. तें पाणी मोठी लाट सोसणारें नसेल, तर हजारों पौंडांचें नीरम निरुपयोगीच आहे. तें सोसणारें असेल, तर तळ आपल्या पाण्याला साजेसा पाहावा, नीरम त्या तळाला पेलेल इतकें घ्यावें, आणि ज्या कारखान्यानें हीं दोन्हीं नीट जुळविलीं असतील, त्याच्या होड्यांतून डोळ्यांना आवडेल तें रूप खुशाल निवडावें.