तौरातच्या तेलापासून आपल्या लोबानापर्यंत : शिफा किती, दावा किती?

उमरा करून आलेल्या नातेवाईकांच्या बॅगेत जमजम आणि खजुरांसोबत हल्ली आणखी एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे तेलाची छोटी बाटली. लोबानचं तेल, जैतूनचं तेल, कुस्तचं तेल. मोहल्ल्यातल्या दुकानांतही ‘नबियों के जमाने का तेल’ असं सांगून अशा बाटल्या विकल्या जातात. गुडघेदुखीपासून शुगरपर्यंत आणि दम्यापासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर इलाज असल्याचं बिनदिक्कत सांगितलं जातं. ही तेलं नक्की काय आहेत, त्या काळी ती कशी बनत आणि आज त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे आम्ही इथे मांडतो आहोत. कारण अशा एका बाटलीच्या भरवशावर इन्सुलिन बंद झालं, तर तो प्रश्न अत्तराचा राहत नाही.

आधी एक नुस्खा पाहू. बायबलच्या जुन्या करारात ‘निर्गम’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या 30 व्या अध्यायात हजरत मूसा (अ.) यांना पवित्र तेल बनवण्याचा हुकूम झाल्याचं वर्णन येतं. त्यात बोळ 500 शेकेल, दालचिनी 250, सुगंधी वेत 250, दालचिनीच्याच जातीची कॅसिया 500 आणि एक ‘हिन’ जैतूनचं तेल अशी मापं दिली आहेत. शेकेल साधारण 11 ग्रॅमचा धरला, तर मसाले सोळा किलोंच्या वर जातात आणि तेल मात्र चार लिटरच्या आसपास. एवढा माल एवढ्याशा तेलात भिजणार कसा, हा प्रश्न जुन्या यहुदी आलिमांनाही पडला होता. त्यांच्यातल्या एका मतानुसार मुळ्या आणि साली आधी पाण्यात उकळायच्या, मग त्यात तेल घालायचं आणि वास तेलात उतरला की ते वरून काढून घ्यायचं. आपल्याकडे हकीम ‘रोगन’ बनवतात किंवा वैद्य तेल सिद्ध करतात, त्याच घराण्यातली ही रीत. हे तेल इबादतीच्या जागेसाठी आणि तिथल्या सेवकांसाठी राखीव होतं. सामान्य माणसाच्या अंगाला ते लावायला तिथे साफ मनाई आहे. म्हणजे ‘हजरत मूसांचं तेल’ म्हणून जे मालिशसाठी विकलं जातं, ते त्याच ग्रंथाच्या हुकुमाविरुद्ध आहे. विकणाऱ्यांनी तो अध्याय पुढे वाचलेला दिसत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आज ड्रॉपरच्या बाटलीत मिळतं ते वाफेवर काढलेलं अर्क-तेल असतं. त्या काळचं तेल म्हणजे जैतूनच्या, तिळाच्या तेलात किंवा चरबीत मुरवलेली वनस्पती. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुरवलेल्या तेलात सुगंधी अंश थोडा आणि पातळ असतो, अर्क-तेलात तो कित्येक पटींनी तीव्र असतो. तेव्हा लोक वाटीभर तेल अंगाला चोपडत, म्हणून आज अर्क-तेल तसंच चोपडलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

वाफेवर सुगंध काढायची कला खऱ्या अर्थाने बहरली ती मुस्लिम विद्वानांच्या हातून. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी अत्तरांच्या रसायनावर आणि ऊर्ध्वपातनावर स्वतंत्र किताब लिहिली. तिच्यात शंभराहून जास्त नुस्खे आहेत. अर्क काढायच्या भांड्याला अरबीत ‘अल-अंबीक’ म्हणतात, युरोपात त्याचंच ‘अलेम्बिक’ झालं. मग ‘बायबलच्या काळातलं’ म्हणून विकली जाणारी बाटली खरं तर अब्बासी काळातल्या कारागिरीची वारस ठरते. हा मान आपला असून आपणच तो दुसऱ्या नावाखाली विकत घेतो, याची गंमत वाटते.

मग औषध म्हणून तेल वापरत नव्हते का? वापरत होते. यशायाच्या पुस्तकात जखमा तेलाने मऊ करण्याचा उल्लेख आहे. इंजीलमध्ये एक मुसाफिर वाटेत जखमी पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्टी बांधतो. हे तेल बहुधा साधं जैतूनचंच. कुरआनमध्ये सूरह नूर, सूरह तीन आणि सूरह मुमिनूनमध्ये या झाडाचा किंवा त्याच्या तेलाचा जिक्र आहे. ते खा आणि अंगाला लावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तिर्मिजीच्या हदीसमध्ये येते. ताजं, पहिल्या घाण्याचं जैतूनचं तेल घशाला किंचित झोंबतं. त्याला कारण असलेल्या द्रव्यात सूज कमी करणारा, आयबुप्रोफेनसारखा गुण असल्याचं 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. अर्थात रोजच्या चमचाभर तेलात ते इतकं थोडं असतं की डोकेदुखीची गोळी म्हणून त्याकडे पाहू नये. जेवणात मात्र ते चांगलंच. एक गोष्ट आयांसाठी : तान्ह्या बाळाची कातडी कोरडी किंवा खाजरी असेल, तर जैतूनच्या तेलाची मालीश टाळा. त्वचेचं नैसर्गिक कवच त्याने कमकुवत होतं, असं अभ्यासात दिसलं आहे.

लोबानचा घोळ तर मोठाच आहे. बायबलमधला लोबान म्हणजे ओमानचा धोफार, येमेन आणि सोमालियाकडच्या झाडाचा डिंक. हिब्रूत त्याला ‘लेवोना’ आणि अरबीत ‘लुबान’ म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी पांढरा, दुधासारखा हाच अर्थ आहे. झाडाच्या सालीला चीर दिली की दुधासारखे थेंब येतात आणि वाळून खडे होतात. युनानी हकीम त्याला ‘कुंदुर’ म्हणतात. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘ऊद’ असा शब्द आहे, तर आपल्या घरात ऊद म्हणजे अगरूचं लाकूड! आणि दर्ग्यात, दुकानात, बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर टाकतो तो लोबान बऱ्याचदा तिसराच असतो. तो सुमात्रा-जावाकडच्या वेगळ्या झाडाचा डिंक. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’ म्हणत. युरोपियनांनी ‘लु’ गाळला, उरलेल्याचं ‘बेंझॉइन’ झालं आणि पुढे रसायनशास्त्रातलं ‘बेंझिन’सुद्धा त्याच शब्दातून आलं. म्हणून ‘लोबान सांध्यांना चांगला’ असं कुणी म्हटलं, तर पहिला सवाल हाच विचारा की कुठला लोबान?

सांध्यांवर ज्याचा अभ्यास झाला आहे तो मुख्यतः आपल्याच मातीतला. विदर्भ-खानदेशातल्या कोरड्या जंगलात वाढणारी सालई ही कुंदुरच्या झाडाची सख्खी चुलत बहीण. तिच्या डिंकातल्या बॉसवेलिक आम्लांनी गुडघ्याच्या झिजेत दुखणं थोडं कमी होतं, असं काही लहान चाचण्यांत आढळलं. पण मेख अशी की ही आम्लं जड असतात आणि वाफेबरोबर वर चढत नाहीत. त्यामुळे लोबानच्या अर्क-तेलात ती जवळपास नसतातच. डिंकाच्या गुणांची जाहिरात तेलाच्या बाटलीवर चिकटवली जाते. कॅन्सरच्या दाव्यांचं मूळही बरंचसं इथेच आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर काही परिणाम दिसला आणि बाजारात थेट ‘इलाज’ झाला. 2014 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा तेलांच्या बड्या विक्रेत्यांना कॅन्सर आणि इबोलाच्या दाव्यांबद्दल लेखी ताकीद दिली होती.

बोळ, म्हणजे मराठी बायबलमधला ‘गंधरस’, आपल्या आजीच्या डब्यातला हिराबोळ. अरबीत ‘मुर्र’ म्हणजे कडू. एस्तेरच्या पुस्तकात बादशहाच्या महालातल्या मुलींना सहा महिने बोळाचं तेल लावल्याचं वर्णन आहे. हिरड्या सुजल्या, तोंड आलं तर बोळाच्या पाण्याने गुळण्या करण्याची जुनी रीत चालण्यासारखी आहे, कारण त्यात जंतू रोखण्याचा गुण आहे. महाराष्ट्रात बाळंतिणीला तो देतात, तेव्हा निदान डॉक्टरांच्या कानावर घाला. गरोदरपणात मात्र पोटात घेऊच नका. गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असते.

गिलियादच्या मलमाची, म्हणजे बलसानची, गोष्ट सगळ्यात सुरस. बायबलमध्ये हजरत यूसुफ (अ.) यांना मिसरला नेणारा काफिला हेच मलम उंटांवर लादून चालला होता. पुढे मृत समुद्राकाठी एन-गेदी आणि यरीहोच्या बागांत त्याची लागवड होत असे. पण हे झुडूप जंगली वाढतं ते मक्का-मदिनेच्या परिसरात, म्हणून त्याला ‘मक्केचा बलसान’ असंही नाव पडलं. मध्ययुगात कैरोजवळ मतारिया इथे त्याची बाग होती. हजरत मरयम आणि हजरत ईसा (अ.) तिथे थांबले होते, अशी समजूत असल्याने मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही तिथे अदबीने जात. बाग सुलतानाच्या ताब्यात आणि तेल चर्चच्या विधींसाठी. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी तिथे तेल कसं काढतात, ते स्वतः पाहून लिहून ठेवलं आहे.

आपल्या देशाशी खरा धागा जुळतो तो जटामांसी आणि कुस्तने. इंजीलमध्ये एक बाई हजरत ईसा (अ.) यांच्या अंगावर जटामांसीचं तेल ओतते. त्याची किंमत तीनशे दिनार, म्हणजे मजुराची जवळपास वर्षाची कमाई. एवढं महाग, कारण ते हिमालयातून यायचं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भरूच बंदरातून जटामांसी, कुस्त आणि गुग्गुळ जहाजावर चढत असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात आपल्या सोपारा, कल्याण आणि चौलची नावं आहेत. जेरुसलेमच्या मंदिरातल्या धुपाची अकरा द्रव्यं यहुदी परंपरेत दिली आहेत, त्यात या दोन्ही मुळ्या आहेत. आणि सहीह बुखारीत प्रेषित (स.) यांनी घशाच्या आणि बरगडीच्या दुखण्यावर सुचवलेली ‘ऊद-ए-हिंदी’ म्हणजे हीच कुस्त.

हदीसमध्ये आहे म्हणून आम्ही वापरतो, असं म्हणणाऱ्यांच्या श्रद्धेला आमचा विरोध नाही. पण हदीसमध्ये आणखीही काही आहे. प्रत्येक आजारावर अल्लाहने दवा उतरवली आहे, असं सांगणारे प्रेषित (स.) हेही सांगतात की वैद्यकी येत नसताना जो इलाज करतो, तो नुकसानाला जबाबदार. ही रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. बाटलीवर ‘तिब्बे नबवी’ छापून शुगरची गोळी सोडायला सांगणाऱ्याने ती वाचावी.

घरात वापरायचंच असेल, तर अर्क-तेल कधी पोटात घेऊ नका. लावायचं झालं तर चमचाभर जैतूनच्या किंवा खोबरेलाच्या तेलात एखाद-दुसरा थेंब, तोही आधी मनगटाला लावून पाहून. लहान मुलांच्या नाका-कानात काहीही टाकू नका. घरात दम्याचा पेशंट किंवा तान्हं बाळ असेल, तर बंद खोलीत लोबानची धुनी नको. आणि कुस्त किंवा जटामांसी घेताना दुकानदाराला ती लागवडीची आहे का, हे जरूर विचारा. दोन्ही वनस्पती जंगलातून संपत चालल्या आहेत आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. कुस्तची शेती हिमाचलच्या लाहौलमध्ये होते.